डीटीएच सोडा, पण हवेतून येणारा टीव्ही सोडू नका

ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या आकडेवारीनुसार मार्च २०१९ अखेर देशात पैसे भरून डीटीएच पाहणारे सुमारे सव्वासात कोटी ग्राहक होते. मार्च २०२४ अखेर हा आकडा ६ कोटी २० लाखांच्या आसपास आला. पाच वर्षांत कोटभर घरांनी रिचार्ज करणं थांबवलं. कुणी फायबर घेऊन स्मार्ट टीव्हीवर गेलं, कुणी दूरदर्शनच्या फ्री डिश या मोफत उपग्रह सेवेवर, तर कुणी टीव्ही बंद करून मोबाइल हातात घेतला. या घसरणीची चर्चा झाली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात: डिशचा जमाना संपला, आणि आता सगळं नेटवर. पहिल्या वाक्याशी माझं फारसं भांडण नाही. दुसरं मात्र चुकीचं आहे. ते तसंच मान्य केलं तर मराठी घरांचं आणि मराठी भाषेचंही नुकसान होईल.

माझं म्हणणं असं आहे. ज्या घरी भरवशाचं फायबर पोचलंय त्यांनी मासिक डीटीएच बंद करायला हरकत नाही. मात्र त्याच्या जागी फक्त ओटीटी, म्हणजे नेटवरून चालणारी अॅपं, आणू नये. घरात टीव्हीचा एक तरी मार्ग असा असावा की ज्याला रिचार्ज, ओटीपी, डेटा यांतलं काहीच लागत नाही, हवेतून सिग्नल येतो आणि चित्र दिसतं. आज हा मार्ग उपलब्ध आहे, पण त्यावर मराठी फार कमी आहे. ते वाढवून घेणं हे आपलं सार्वजनिक काम आहे.

आधी बिल उलगडून पाहू. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दरपद्धत लागू झाली. तिच्यात दोन भाग आहेत: नेटवर्क कपॅसिटी फी, आणि सशुल्क वाहिन्यांचे वेगळे पैसे. पहिल्या भागाची कमाल मर्यादा १३० रुपये होती. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की होतात १५३ रुपये ४० पैसे. सुरुवातीला एवढ्या पैशांत १०० वाहिन्या मिळायच्या, २०२० च्या दुरुस्तीनंतर २०० मिळू लागल्या. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादाच उठवली आणि रक्कम ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना दिली. आता यातली मेख बघा. ही फी सशुल्क वाहिन्यांची नाही. जी वाहिनी मुळात मोफत आहे, अगदी दूरदर्शनची सह्याद्रीसुद्धा, ती तुमच्या घरापर्यंत आणून देण्याचे हे पैसे आहेत. तीच सह्याद्री फ्री डिशवर एक पैसा न देता दिसते. म्हणजे डीटीएचच्या बिलात एक भाग असा आहे, जो भरून तुम्ही फुकटची वस्तू विकत घेता.

दुसरा भाग सशुल्क वाहिन्यांचा. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी, सोनी मराठी या चारही मुख्य मनोरंजन वाहिन्या सशुल्क आहेत. त्यांच्या मालिका आता ओटीटीवर मिळतात: स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी५ वर, सोनी मराठी सोनीलिव्हवर. घरात यांतल्या दोनच वाहिन्या लागत असतील तर एक-दोन वर्गण्यांत काम भागतं. मराठी बातम्यांच्या बहुतेक वाहिन्यांचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर फुकट असतं, त्यामुळे तिथेही डीटीएचची गरज राहत नाही. पण ज्या घरात सासूबाईंना एक मालिका, सुनेला दुसरी आणि आजोबांना क्रिकेट हवं असतं, तिथे तीन वर्गण्या आणि नेटचं बिल मिळून डीटीएचपेक्षा जास्त खर्च होतो. फायबर नेट मुलांच्या अभ्यासासाठी किंवा कामासाठी घरात आधीच असेल तरच हा हिशेब जमतो. केवळ टीव्हीसाठी नवं कनेक्शन घेणाऱ्याची बचत होत नाही.

नेटवर टीव्ही पाहायला किती डेटा लागतो, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. साध्या चित्राला तासाला साधारण १ जीबी, एचडीला ३ जीबीपर्यंत आणि ४के चित्राला ७ जीबीच्या आसपास डेटा जातो. घरात रोज चार तास एचडी चालला तर महिन्याचे ३६० जीबी होतात. दिवसाला दीड किंवा दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर हॉटस्पॉट लावून टीव्ही चालवायचा म्हटलं तर एक मालिका आणि अर्धं बातमीपत्र होईपर्यंत कोटा संपतो. त्यामुळे 'सगळं नेटवर' या वाक्याचा खरा अर्थ 'सगळं फायबरवर' असा घ्यावा लागतो. आता फायबर किती गावांत, किती वस्त्यांत आणि किती भरवशाचं पोचलंय ते आपापल्या तालुक्यात बघून सांगावं.

फायबर असलेल्या घरातही एक गोष्ट तपासून घ्या: तुमचा नेटवाला काचेची तार थेट घरातल्या ओएनटीपर्यंत (ही तार जिथे जोडतात त्या डबीपर्यंत) आणतो, की गच्चीवरच्या स्विचपर्यंत फायबर आणि तिथून पुढे साधी लॅन केबल? पहिल्या प्रकारात मधल्या स्प्लिटरला, म्हणजे सिग्नल वाटून देणाऱ्या जोडाला, वीज लागत नाही. राउटर आणि ओएनटीला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडला की वीज गेली तरी नेट चालू राहतं. दुसऱ्या प्रकारात गच्चीवरच्या स्विचची वीज गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही नेट बंद पडतं. भारनियमनाच्या भागात 'आमच्याकडे लाइट असते पण टीव्ही अडकतो' अशी तक्रार असते, तिचं कारण बहुधा हेच निघतं.

पैसे आणि वीज सोडली तरी आणखी एक अडचण उरते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ओटीटी ही मोबाइल नंबरवर चालणारी व्यवस्था आहे. आई सांगलीत, खातं पुण्यातल्या मुलाच्या नंबरवर. अॅप अपडेट झालं, लॉगिन उडालं, ओटीपी पुण्याला गेला आणि मुलगा मीटिंगमध्ये. संध्याकाळची मालिका तिथेच संपली. डीटीएचच्या रिमोटवर तीन आकडे दाबले की वाहिनी लागत असे. ज्यांना दिसायला कमी आहे किंवा ज्यांचा हात थरथरतो, त्यांच्यासाठी ही सोय मोठी होती. ती काढून घेताना पर्याय द्यायला हवा.

आता अँटेनाकडे वळू. 'डिश काढा, ओटीटी घ्या, अँटेना लावा' हा सल्ला अमेरिकेतून आला आहे आणि तिथे तो अगदी योग्य आहे. १२ जून २००९ ला तिथल्या मोठ्या केंद्रांचं जुनं अॅनालॉग प्रक्षेपण बंद होऊन डिजिटल सुरू झालं. एडिसनमधल्या मराठी घराने छताखाली बऱ्यापैकी अँटेना लावून तो मॅनहॅटनच्या दिशेने वळवला, तर सुमारे ४० किलोमीटरवरून सीबीएस, एनबीसी, एबीसी, फॉक्स आणि पीबीएस फुकट मिळतात, तेही एचडीत. देशातल्या मुख्य वाहिन्या हवेत मोफत आहेत. मराठीसाठी काय ते एखादं अॅप घेतलं की झालं. ब्रिटनमध्येही २००२ पासून फ्रीव्ह्यू आहे, छपरावरच्या साध्या अँटेनावर डझनावारी वाहिन्या येतात.

आपल्याकडे हा सल्ला जसाच्या तसा उचलता येत नाही. कारण तांत्रिक नाही, धोरणाचं आहे. जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून टीव्ही प्रक्षेपित करायचा अधिकार आजवर एकट्या प्रसार भारतीकडे, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सार्वजनिक संस्थेकडे, राहिला आहे. खासगी वाहिन्यांना तो मार्ग कधी खुला झालाच नाही. आणि प्रसार भारतीने ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केलं की सीमाभागासारख्या मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० वगळता सगळे अॅनालॉग ट्रान्समीटर ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. त्याआधी फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांत डीव्हीबी-टी२ तंत्राने डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं होतं. त्यांत महाराष्ट्रातली दोनच शहरं होती, मुंबई आणि औरंगाबाद. वाहिन्या फक्त दूरदर्शनच्या. जिथे सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यात मुंबई केंद्राचं चित्र १९७३ पासून दिसत होतं, त्या पुण्याचं नाव डिजिटलच्या यादीत नव्हतं.

म्हणून ऑनलाइन दुकानात '२०० मैल रेंज, एचडी, मोफत वाहिन्या' असं लिहून जो कागदासारखा चपटा अँटेना विकतात, तो घेऊ नका. २०० मैलांचा दावा कुठल्याच देशात खरा नाही. जमिनीवरून येणारी ही लहर साधारण नजरेच्या टप्प्यात चालते, पृथ्वीच्या गोलाईपुढे तिचं काही चालत नाही. त्यातून महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत त्या अँटेनाला पकडायला काही नाहीच. मुंबईत किंवा छत्रपती संभाजीनगरात प्रयोग करायचा असेल तर आधी टीव्हीच्या माहितीपत्रकात डीव्हीबी-टी२ ट्यूनर आहे का ते बघा, कुणाचा तरी जुना यूएचएफ अँटेना दोन दिवस मागून आणा, स्कॅन करून बघा, आणि काही दिसलं तरच खर्च करा.

तेव्हा आपल्याकडचा खरा अँटेना म्हणजे छत्रीच, फक्त रिचार्जवाली नव्हे. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली सेवा आज डीडी फ्री डिश म्हणून चालते. दर महिन्याला द्यायचं काही नसतं. डिश, एलएनबी (डिशच्या तोंडासमोरचा, सिग्नल पकडणारा डबा), केबल, बॉक्स आणि बसवण्याची मजुरी मिळून दीड-दोन हजारांत काम होतं, एकदाच. घरात जुन्या डीटीएचची ६० सेंटिमीटरची डिश असेल तर तेवढेही लागत नाहीत, कारण डिश ही डिशच असते. कंपनीचा असतो तो बॉक्स आणि त्यातलं कार्ड. डिश करारानुसार आपली आहे याची खात्री करून घ्या आणि तीच वळवा.

हे काम डिशवाला पाचशे रुपयांत करतो, पण समजून घेतलं तर घरीही जमतं. फ्री डिश ९३.५ अंश पूर्वेवरच्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. मुंबईतून हा उपग्रह उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १३१ अंशांवर, म्हणजे साधारण आग्नेयेला आहे, आणि क्षितिजापासून साडेसत्तावन्न अंश वर. नागपुरातून तोच १४४-१४५ अंशांवर आणि साठ अंश वर दिसतो. तुमची डिश आधी कुठे बघत होती त्यावर किती फिरवायचं ते ठरतं. डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंशांवर आहे, त्यामुळे मुंबईत ती डिश दक्षिणेकडे जेमतेम दोन अंश सरकवून एक अंशभर वर उचलली की पुरतं. टाटा प्लेची (८३ अंश) पूर्वेकडे वीस अंश फिरवून सात अंश खाली करावी लागते. एअरटेलची (१०८.२ अंश) उलट दक्षिणेकडे सोळा अंश आणि वर तेरा अंश. होकायंत्राला आपल्याकडे दुरुस्ती जवळपास लागत नाही, पण गच्चीवरच्या लोखंडी सळया किंवा पाण्याच्या टाकीचा स्टँड जवळ असला तर मोबाइलचं होकायंत्र दहा-वीस अंश खोटं बोलतं. दिशा दोन पावलं लांब उभं राहून घ्या आणि दूरची एखादी इमारत खूण म्हणून धरा.

आणखी एक फसगत उंचीच्या कोनाची. या डिश ऑफसेट जातीच्या असतात, त्यामुळे पत्रा जिथे बघतोय असं वाटतं त्याच्यापेक्षा ती वीस-पंचवीस अंश वर बघत असते. म्हणून कोन पत्र्याला लावून मोजू नका, मागच्या पट्टीवर छापलेले अंश वाचा.

बॉक्सच्या मेन्यूत एलएनबीची फ्रीक्वेन्सी ९७५० ठेवा, ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा प्रक्षेपक) ११०९०, पोलरायझेशन (लहरीची दिशा) व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. मग १० आणि १३ नंबरचे पाने घेऊन नट इतपतच सैल करा की डिश हाताने सरकेल पण स्वतःहून पडणार नाही. एका वेळी दोन-तीन मिलिमीटर सरकवा आणि पाच सेकंद थांबा, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. घाईने फिरवणारा माणूस उपग्रहावरून दहा वेळा पुढे जातो आणि त्याला पत्ता लागत नाही. स्क्रीनवर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ बघू नका. नुसता एलएनबी जोडला तरी ती पट्टी भरते. क्वालिटी वर आली तरच उपग्रह सापडला. आणि सापडला तो योग्यच असेल असंही नाही, कारण ९५ वाला शेजारीच आहे. वाहिन्यांची यादी उघडून दूरदर्शनच्या वाहिन्या दिसल्या की मगच नट आवळा. शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत गोल फिरवून बघा. मुंबईतून तो साधारण ४५ अंश कलता असावा लागतो, नागपुरात ३३. पुष्कळ जण तो सरळ उभा ठेवतात. कोरड्या दिवशी चित्र येतं, पण पहिल्या पावसात जातं, आणि खापर मात्र फ्री डिशवर फुटतं.

पावसाचा मुद्दा खरा आहे. डिश ज्या केयू बँडवर चालते त्याच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात, कोकणात जुलैमध्ये पाच-दहा मिनिटं चित्र जाणारच. पण अर्धा-अर्धा तास जात असेल तर दोष आभाळाचा नाही. डिश अर्ध्या अंशाने सरकलेली असते, किंवा एलएनबीजवळच्या एफ कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं असतं. कनेक्टर उघडून बघा. तांब्याची तार हिरवी पडली असेल, जाळी काळी झाली असेल तर वितभर केबल कापून नवा कनेक्टर लावा, वर रबरी टोपी किंवा सेल्फ-फ्यूजिंग टेप गुंडाळा, आणि केबलला एलएनबीखाली एक लोंबता वळसा द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. जिथे पाऊस फार आहे तिथे ९० सेंटिमीटरची डिश घ्यावी. खर्च थोडा वाढतो, पण चार महिन्यांची कटकट जाते.

शहरातल्या फ्लॅटची अडचण वेगळी. खिडकी आग्नेयेला नसेल तर डिश लावणार कुठे? आणि सोसायट्या दर्शनी भिंतीवर छत्र्या लावू देत नाहीत, त्यात त्यांचं चुकतं असंही नाही. यावर उपाय सोपा आणि स्वस्त आहे. खासगी डीटीएचसाठी इमारतीत सामायिक डिश बसवायची तर चार तोंडांचा एलएनबी आणि मल्टिस्विच लागतो. फ्री डिशचे सगळे ट्रान्सपाँडर एकाच पोलरायझेशनचे आणि खालच्या बँडमधले आहेत. त्यामुळे गच्चीवर एक डिश, एकच केबल, एक अॅम्प्लिफायर आणि मजल्यागणिक स्प्लिटर एवढ्यावर अख्खी विंग चालते. काळजी एकाच गोष्टीची घ्यावी लागते. केबलवाल्याकडचे जुने स्प्लिटर १००० मेगाहर्ट्झपर्यंतचे असतात आणि डिशचा सिग्नल केबलमधून १३०० ते १९०० मेगाहर्ट्झच्या दरम्यान येतो. ते स्प्लिटर तो अडवतात. ५ ते २४०० मेगाहर्ट्झ असं छापलेले आणि वीज पुढे जाऊ देणारे स्प्लिटर मागा. केबल आरजी-६ च घ्या, ती शंभर मीटरला २५-३० डेसिबल खाते, म्हणून पंधरा मजल्यांच्या इमारतीत अॅम्प्लिफायर वरच बसवा. तळमजल्यावर बसवलात तर तो सिग्नलपेक्षा गोंगाटच वाढवतो. पुनर्विकासात नव्या इमारती उभ्या राहताहेत, त्यांच्या डक्टमध्ये ही एक केबल आधीच टाकायला बिल्डरला सांगणं रहिवाशांच्या हातात आहे.

नवा टीव्ही घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं. भारतीय मानक ब्यूरोने आयएस १८११२:२०२२ हे मानक काढलं आहे. त्याप्रमाणे बनलेल्या टीव्हीत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. डिशची केबल थेट टीव्हीत खुपसायची, बॉक्स नाही आणि दुसरा रिमोट नाही. हे मानक सक्तीचं व्हावं असं मला वाटतं.

क्रिकेटबद्दल लोकांना जे माहीत असायला हवं ते माहीत नसतं. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचं थेट चित्रण प्रसार भारतीला देणं बंधनकारक आहे. भारताचे एकदिवसीय आणि टी-२० सामने त्यात मोडतात, आयपीएल मोडत नाही. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हे चित्रण प्रसार भारतीने स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि स्वतःच्या डीटीएचवर दाखवावं, खासगी केबल-डीटीएचवाल्यांकडे ते जाऊ नये. याचा परिणाम असा की दूरदर्शनवर मोफत दाखवला जाणारा सामना महिन्याला तीनशे रुपये भरणाऱ्याला त्याच्या बॉक्सवरच्या दूरदर्शनवर दिसत नाही, आणि फ्री डिशवाल्याला दिसतो.

एवढं सगळं असून मराठी घरं फ्री डिशकडे का वळत नाहीत? कारण तिथे मराठी फार कमी आहे. सह्याद्री आहे, पण तिच्याबरोबरच्या खासगी मराठी वाहिन्या मोजक्याच, आणि त्याही टिकतील याचा भरवसा नाही. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने जातात आणि दरवर्षी १ एप्रिलपासून यादी बदलते. हिंदी वाहिन्यांच्या मागे अनेक राज्यांच्या जाहिराती असतात, त्यांच्या बोलीशी टक्कर देणं मराठी वाहिनीला अवघड जातं. हिंदी वाहिन्यांचाही भरवसा नाही. एप्रिल २०२२ मध्ये चार मोठ्या समूहांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या एकाच वेळी काढून घेतल्या आणि लाखो घरांची रोजची सवय एका रात्रीत तुटली. त्यात जुलै २०२४ मध्ये ट्रायने तरतूद केली की फ्री डिशवर मोफत असलेली सशुल्क वाहिनी सगळीकडेच मोफत जाहीर करावी लागेल. ग्राहकाच्या दृष्टीने हे न्याय्य आहे. पण त्यामुळे चार मोठ्या मराठी वाहिन्यांपैकी एकही फ्री डिशवर येण्याची शक्यता उरत नाही.

म्हणून मराठी जागा लिलावाबाहेर राखून ठेवाव्यात, अशी माझी मागणी आहे. हे अभूतपूर्व नाही. पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्या फ्री डिशवर बोली लावून आलेल्या नाहीत. २०२० मध्ये त्या १२ होत्या, २०२२ च्या अर्थसंकल्पात २०० पर्यंत नेण्याची घोषणा झाली. शिक्षणासाठी जागा निघते तर प्रत्येक राज्याच्या भाषेतल्या किमान चार मोफत वाहिन्यांसाठीही निघू शकते: एक बातम्यांची, एक मनोरंजनाची, एक शेती आणि हवामानाची, एक मुलांची. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं स्पष्ट केलं. सार्वजनिक मालमत्तेचा कारभार निव्वळ सर्वाधिक बोलीवर चालवायचा नसतो.

शहरांसाठी जमिनीवरचं डिजिटल प्रक्षेपणही परत यायला हवं. ब्रिटनमध्ये डीव्हीबी-टी२ च्या ८ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यातून सेकंदाला सुमारे ४० मेगाबिट जातात, त्यात पाच-सहा एचडी वाहिन्या आरामात बसतात. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक इथे असा एकेक पट्टा पुरे आहे. ज्याला आग्नेयेची खिडकी नाही त्याने काचेला वितभर अँटेना चिकटवला की काम झालं. या लहरींना पाऊस अडवत नाही. ट्रायने जानेवारी २०१७ मध्येच शिफारस केली होती की या क्षेत्रात खासगी वाहिन्यांनाही वाव द्यावा आणि टप्प्याटप्प्याने डिसेंबर २०२३ पर्यंत देश डिजिटल करावा. अॅनालॉग बंद करण्याचा भाग झटपट झाला. डिजिटल सुरू करण्याचा भाग मागे पडला.

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारकाने जून २०१९ मध्ये आपलं जमिनीवरचं प्रक्षेपण बंदच केलं, कारण बघणारेच फार थोडे उरले होते. पण तिथे केबल आणि ब्रॉडबँड घरोघर पोचलेलं होतं. दुसरा आक्षेप कोकणाचा. सह्याद्रीच्या घड्यांमधल्या वाड्यांपर्यंत मनोऱ्याची लहर पोचवायची तर जागोजागी छोटे मनोरे लागतील आणि खर्च परवडणार नाही. हे मान्यच आहे. तिथे साठ अंश वर बघणारी डिशच योग्य, ती कुठल्याही दरीतून आभाळ बघू शकते. शहराला मनोरा आणि दऱ्याखोऱ्यांना डिश, असा मेळ घालता येतो. तिसरा आक्षेप म्हणजे थेट मोबाइलवर प्रक्षेपण येणार आहे, मग टीव्हीसाठी कशाला? आयआयटी कानपूरच्या सहभागाने त्याच्या चाचण्या झाल्या आहेत आणि तंत्र चांगलं आहे. पण त्याला मोबाइलमध्ये वेगळी चिप लागते आणि ते एटीएससी ३.० या वेगळ्याच प्रक्षेपण-मानकावर बेतलेलं आहे. डीव्हीबी-टी२ चा ट्यूनर मात्र अनेक घरांतल्या टीव्हीत आजही बसलेला आहे.

फायबर सगळीकडे पोचेल तेव्हा हे सगळं निरर्थक होईल, असं म्हणणाऱ्यांनी ३ जून २०२० आठवावा. निसर्ग वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत विजेचे खांब, मोबाइल मनोरे, तारा सगळं झोपवलं. अनेक गावं आठवडे-आठवडे अंधारात होती. ३२ इंची एलईडी टीव्ही ४०-५० वॅट घेतो, फ्री डिशचा बॉक्स १० वॅटच्या आत. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी एवढा भार दिवसभर पेलते, सौर पॅनल असेल तर त्याहून जास्त. डिश जागेवर असली किंवा परत लावता आली तर मधे दुसरं काहीच लागत नाही, सिग्नल थेट आभाळातून येतो. वादळाचा इशारा, धरणाचा विसर्ग, बंद रस्ते ही माहिती आपल्या भाषेत मिळण्यासाठी गावात एक तरी असा टीव्ही चालू असावा.

प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात वेव्हज हे स्वतःचं ओटीटी सुरू केलं. दूरदर्शनचा ठेवा आता त्यावर बघता येतो, ही चांगली गोष्ट आहे. पण वेव्हजला जेवढं लक्ष मिळालं त्याच्या निम्मं तरी सह्याद्रीला मिळावं: एचडी चित्र, वेळेवर बातम्या, नवं नाटक, मुलांचे कार्यक्रम. लिलावाचं पुढचं वेळापत्रक जाहीर होण्याआधी राज्य सरकारने भाषिक जागांची मागणी लेखी करावी, खासदारांनी ती माहिती व प्रसारण मंत्रालयापुढे ठेवावी, आणि सोसायट्यांनी तोवर गच्चीवर एक डिश आणि आरजी-६ ची एक केबल टाकून ठेवावी. केबल आज टाकली तर वाहिन्या वाढतील त्या दिवशी फक्त पुन्हा स्कॅन करावं लागेल.